संशोधनाने गिटारचा हात जातो?

संशोधनात शिरला की वादक संपला, हा समज गिटारवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. स्पेनचे एमिलिओ पुजोल (१८८६–१९८०) हे नामवंत गिटारवादक तार्रेगांचे शिष्य आणि मैफली गाजवणारे वादक. पॅरिसच्या एका संग्रहालयातली जुनी विउएला (गिटारसारखं जुनं स्पॅनिश तंतुवाद्य) त्यांनी हुडकली, तशीच नवी घडवून घेतली आणि १९३६ मध्ये बार्सिलोनात संगीतशास्त्रज्ञांच्या परिषदेत वाजवली. पुढे विउएलावादक नार्वाएसचा १५३८ चा, विउएलासाठीच्या रचनांचा ग्रंथ त्यांनीच संपादित केला. त्यातल्या स्वरलिपीत तारा दाखवणाऱ्या सहा रेघांवर आकडे, वर लयीच्या खुणा. बोट कुठल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पडद्यावर) ठेवायचं ते कळतं; पण खर्जातला स्वर कुठवर धरून ठेवायचा, हे मात्र लिहिलेलं नसतं. ते तारांवर बोटं ठेवूनच उमगतं. नुसत्या अभ्यासकाचं घोडं तिथेच अडतं.