पुस्तकातला 'मी' नक्की कोण? आत्मकथन आणि 'मी'ने सांगितलेली कादंबरी

मागे माझी एक कथा दिवाळी अंकात आली होती, त्यात आई गेल्यावर मुलगी तिचं शिलाई मशीन भंगारवाल्याला विकून टाकते. अंक पोचला त्याच दिवशी मावशीचा फोन, 'अगं, ताईचं मशीन विकलंस तू?' मशीन माझ्याच घरात आहे, खिडकीपाशी, वर आईनेच शिवलेलं कव्हर आणि ड्रॉवरमध्ये अजून तिच्या दोरा भरलेल्या बॉबिन. पण मावशीला पटेना, कारण कथेत 'मी विकलं' असं लिहिलंय ना.

हा गोंधळ खूप जणांचा होतो. आत्मकथनात 'मी' बोलतो, प्रथमपुरुषी कादंबरीतही 'मी'च बोलतो, मग फरक काय? लोकांना वाटतं एकात सगळं खरं आणि दुसऱ्यात खोटं, पण तसं नाहीये. सोपी खूण म्हणजे कव्हरवरचं नाव आणि आत बोलणाऱ्याचं नाव एकच आहे का ते बघायचं. फिलिप लज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये याला लेखक-वाचकांमधला करारच म्हटलंय. आत्मकथनात लेखक नावानिशी सांगतो की हे माझ्या बाबतीत घडलं, आणि कुणी 'असं झालंच नव्हतं' म्हटलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. कादंबरीकारावर ते बंधन नाही.

'कोसला' घ्या, १९६३ ची. लेखक भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, पुण्यात शिकलेले, आणि पुस्तकातला 'मी' कोण तर पांडुरंग सांगवीकर, खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, पंचवीस वर्षांचा. एवढं जुळतं तरी ती कादंबरीच, कारण पांडुरंग हा घडवलेला माणूस आहे. त्याची धाकटी बहीण मनी जाते ती पानं वाचताना मला आजही गलबलून येतं, आणि लेखकाच्या घरी खरंच तसं झालं होतं का याने त्या पानांना काडीचा फरक पडत नाही.

याच्या बरोबर उलट 'बलुतं', १९७८. तिथे दगडू पवार नावाचा माणूस आपली सगळी कहाणी दया पवारांना सांगतो, वरवर बघितलं तर एकदम कादंबरीची युक्ती, पण दगडू मारुती पवार हे दया पवारांचंच नाव. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, कविता लिहिणारा एक, आणि महारवाड्यातून, मुंबईच्या कावाखाना वस्तीतून आलेला दुसरा, आणि पहिल्याला दुसऱ्याचं ऐकून घ्यावंच लागतं. एका माणसाचे दोन केलेत पण करार कुठेही मोडलेला नाही, मराठीत 'मी' इतक्या ताकदीने वापरलेली पुस्तकं मला तरी फार सापडत नाहीत.

'श्यामची आई'पाशी मात्र ही खूण अडते. सानेगुरुजींचं नाव पांडुरंग, सांगणारा श्याम, आणि आपण सगळे ते आत्मकथन म्हणूनच वाचतो. मला त्यात काही चूकही वाटत नाही.

आता माझ्या कथेचं. ते मशीन माझ्याच्याने कधी विकवणार नाही, म्हणूनच तर विकू शकणारी मुलगी कशी असेल ते मला लिहून बघायचं होतं, आणि भंगारवाल्याने मशीन काट्यावर चढवलं तेव्हा तिला नेमकं काय झालं, ते मला माझ्या नावाने सांगताच आलं नसतं.