क्रेमर दहावीतच का थांबतो

दहावीच्या गणित भाग १ मध्ये, पहिल्याच प्रकरणात, निश्चयक (समीकरणांच्या सहगुणकांच्या चौकोनातून काढलेली एक संख्या) आणि एकसामयिक समीकरणं सोडवण्याची क्रेमरची पद्धत भेटते. डीएक्स भागिले डी, डीवाय भागिले डी, झालं उत्तर. पुढे इंजिनिअरिंगला एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्या) येतं: रँक काढा, एशलॉन फॉर्ममध्ये आणा, आयगेन व्हॅल्यू शोधा. आणि मग कधीतरी न्यूमेरिकल मेथड्सच्या किंवा मशीन लर्निंगच्या तासाला लक्षात येतं, की प्रत्यक्ष कामात क्रेमरला कुणी विचारतच नाही. या विषयात दोन घराणी आहेत, एक सूत्रं मांडणाऱ्यांचं आणि एक हिशोब उरकणाऱ्यांचं. शिकवताना पहिल्याचा मान मोठा, पण गाडा दुसऱ्यानंच ओढलेला आहे.

हे दुसरं घराणं फार जुनं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये संकलित झालेल्या ‘गणितकलेची नऊ प्रकरणं’ या ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात धान्याच्या पेंढ्यांचं एक उदाहरण आहे. उत्तम प्रतीच्या ३, मध्यम २ आणि हलक्या १ पेंढीतून ३९ मापं धान्य निघतं. २, ३ आणि १ मधून ३४. १, २ आणि ३ मधून २६. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीतून किती? त्यांनी अक्षरं मानली नाहीत. मोजणीच्या काड्या फळ्यावर उभ्या रांगांत मांडल्या आणि एका रांगेला गुणून तीतून दुसरी वजा करत गेले. शेवटी एका रांगेत ३६ आणि ९९ एवढंच उरतं, म्हणजे हलक्या पेंढीतून पावणेतीन मापं. तिथून उलटं येत गेलं की मध्यम सव्वाचार आणि उत्तम सव्वानऊ. एम-वनच्या वहीत आपण आडव्या ओळींवर जे करतो, तेच हे. वजाबाकीत ऋण संख्या येणारच, म्हणून इ. स. २६३ मधला भाष्यकार लिऊ हुई सांगतो: धन संख्येला लाल काड्या, ऋण संख्येला काळ्या. आपल्या वहीखात्याच्या नेमकं उलट.

युरोपात सूत्रवाल्यांचा जोर होता. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरनं १७५० मध्ये वक्रांवरच्या ग्रंथात आपला नियम दिला. दिसायला देखणा, पण हिशोबात महाग. २० समीकरणं घ्या. निश्चयक शाळेतल्यासारखा विस्तार करून काढायचा तर एकासाठी गुणाकार लागतात ते २४ वर सतरा शून्यांहून जास्त. सेकंदाला एक अब्ज गुणाकार करणाऱ्या यंत्रालाही पंचाहत्तरहून अधिक वर्षं लागतील, आणि क्रेमरला असे २१ निश्चयक हवेत. एकेका चलाचा लोप करत गेलं तर सारं काम साधारण तीन हजार गुणाकार-भागाकारांत उरकतं. निश्चयक काढायचा शहाणा मार्ग आहे, नाही असं नाही. पण तो लोप पद्धतीतूनच जातो, आणि तिथवर पोचल्यावर क्रेमर हवा कशाला?

लोप पद्धतीला जर्मन गणितज्ञ गॉसचं नाव चिकटलं ते आकाशामुळे आणि जमिनीमुळे. १ जानेवारी १८०१ रोजी इटालियन खगोलज्ञ पिआझीला सेरेस हा बटुग्रह दिसला आणि काही आठवड्यांनी सूर्याच्या झगमगाटात हरवला. मोजक्या वेधांवरून गॉसनं त्याची कक्षा मांडली आणि वर्षअखेरीस तो त्या अंदाजाच्या जवळपास सापडला. वेध हवेत त्याहून जास्त आणि प्रत्येकात थोडी चूक, अशा वेळी चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची, ही लघुतम वर्गांची कल्पना फ्रेंच गणितज्ञ लेजांद्रनं १८०५ मध्ये छापली. गॉस १८०९ मध्ये म्हणाला, मी ती कधीपासून वापरतोय. त्यावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. या कल्पनेतून शेवटी समीकरणंच हाती येतात, आणि पुढे हॅनोव्हरच्या जमीन मोजणीत गॉसला त्यांचे ढीग उपसावे लागले. १८२३ मध्ये त्यानं गेर्लिंग या आपल्या माजी विद्यार्थ्याला पत्रातून, थेट लोपाऐवजी अंदाज पायरीपायरीनं सुधारत नेणारी एक रीत कळवली आणि वर सांगितलं, की ही अर्धवट झोपेतही करता येते. कंटाळलेल्या माणसाची शिफारस आहे ती.

या घराण्यात मोजणीवाले किती आहेत पाहा. गॉस-जॉर्डन या लोपाच्या रीतीतला जॉर्डन म्हणजे जर्मन भूमापक विल्हेल्म जॉर्डन. शोलेस्की हा फ्रेंच तोफखान्यातला अधिकारी. नकाशांच्या कामासाठी त्यानं सममित (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारख्या) मॅट्रिक्सची समीकरणं सोडवायची रीत बसवली, १९१८ मध्ये तो महायुद्धात मारला गेला, आणि त्याची रीत एका सहकाऱ्यानं १९२४ मध्ये छापली.

‘मॅट्रिक्स’ हा शब्द इंग्रज गणितज्ञ सिल्व्हेस्टरचा, १८५० चा. लॅटिनमध्ये अर्थ गर्भाशय, कारण यातून निश्चयक जन्मतात. म्हणजे नावातसुद्धा निश्चयकच डोक्यात. केलीनं १८५८ मध्ये मॅट्रिक्सचं बीजगणित उभं केलं. तेव्हा तो लंडनमध्ये वकिली करत होता. केली-हॅमिल्टन प्रमेयाची सिद्धता रात्रभर घोकणाऱ्यांसाठी सांगतो: केलीनं लहान मॅट्रिक्सवर ते पडताळलं आणि सर्वसाधारण सिद्धतेचा खटाटोप करायची गरज वाटत नाही, असं लिहून मोकळा झाला.

संगणक आले तेव्हा भीती वेगळीच होती. यंत्र ठरावीक अंकच ठेवतं, बाकी गाळतं. हजारो पायऱ्यांत ही गाळणी साचून उत्तर वाहून जाईल का? छोटंसं उदाहरण घ्या: ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २. दोन्ही उत्तरं १ च्या अगदी जवळ आहेत. आता फक्त तीन सार्थ अंक ठेवा. पहिलं समीकरण १०,००० नं गुणून दुसऱ्यातून वजा केलं तर −९९९९ आणि −९९९८ दोन्ही −१०,००० होतात. य = १ येतो, आणि क्ष चक्क शून्य! समीकरणांची जागा आधी बदलली की क्ष बरोबर १ येतो. वर्गात ‘पिव्होट मोठा घ्या’ म्हणतात, म्हणजे ज्या सहगुणकानं लोप करायचा तो मोठा निवडा, ते यासाठी.

लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९४६ च्या सुमारास १८ समीकरणांचा एक संच आला. फॉक्स, गुडविन, विल्किन्सन आणि ॲलन ट्युरिंग अशा चौघांनी टेबलावरच्या हातयंत्रांवर तो सोडवला; दोन आठवडे गेले. हे फसणार याची ट्युरिंगला खात्री होती. उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी अचूक निघालं. १९४८ मध्ये ट्युरिंगनं गाळणीच्या चुकांवर निबंध लिहिला. एलयू विघटन (मॅट्रिक्स दोन त्रिकोणी मॅट्रिक्सच्या गुणाकारात मांडणं) आणि ‘कंडिशन नंबर’ (छोट्या चुकीनं उत्तर किती हलेल याचं माप) त्यात आहेत. विल्किन्सननं पुढची बरीच वर्षं याच प्रश्नाला वाहिली आणि १९७० मध्ये ट्युरिंगच्याच नावाचा पुरस्कार मिळवला.

सत्तरच्या दशकात हे सगळं फोर्ट्रान या संगणकीय भाषेतल्या प्रोग्रॅमसंग्रहांत बांधलं गेलं. न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलरला आपल्या विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता ते वापरू द्यायचं होतं, त्यातून मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर निघालं. त्यात समीकरणं सोडवायला एकच चिन्ह आहे, बॅकस्लॅश. ते टाइप केलं की यंत्र आधी मॅट्रिक्सचा चेहरा बघतं. त्रिकोणी (कर्णाच्या एका बाजूला सगळी शून्यं) असेल तर थेट उलटं येत उत्तर. सममित आणि कर्णावर सगळं धन असेल तर शोलेस्की करून पाहायचं. चौरस पण यातलं काही नाही, तर पिव्होट बदलत लोप. समीकरणं चलांपेक्षा जास्त असतील तर लघुतम वर्ग. क्रेमर यात कुठेच नाही.