तारेचा नंबर नक्की काय मोजतो?

अडीचची, म्हणजे २.५ चौरस मिमीची, वायर सोलून आतल्या तारा मायक्रोमीटरने मोजल्या आणि क्षेत्रफळ काढलं, तर उत्तर कधीकधी २.४ च्या आसपास येतं. मग कंपनीने तांबं खाल्लं, हा आरोप ठरलेला. तो दर वेळी खरा नसतो. का नसतो, हे कळायला आधी नंबरांचा जुना घोळ पाहावा लागतो.

तारेचा नंबर, म्हणजे गेज, हे मुळात वायरिंगवाल्यांचं माप नव्हतंच. जाड सळई पोलादी पाटीतल्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढत तार बारीक करायची आणि जितके ओढे, साधारण तितका नंबर. नंबर वाढला की तार बारीक होते, ते म्हणूनच. पाटी ज्याची त्याची वेगळी, त्यामुळे एकाचा १८ नंबर दुसऱ्याच्या १८ शी जुळेलच असं नव्हतं.

१८५७ मध्ये अमेरिकेत याला गणिती शिस्त लागली. ०.४६० इंच आणि ०.००५ इंच ही दोन टोकं धरून मधे समान गुणोत्तराच्या ३९ पायऱ्या पाडल्या. तीन नंबर खाली उतरलं की तांबं दुप्पट, सहा उतरलं की व्यास दुप्पट. ब्रिटनने १८८३ मध्ये आपला निराळा तक्ता कायदेशीर केला आणि दोन्हींना लोक नुसतं ‘गेज’च म्हणत राहिले. अमेरिकन १४ म्हणजे २.०८ चौरस मिमी, ब्रिटिश १४ म्हणजे ३.२४, म्हणजे जवळपास अमेरिकन १२. अमेरिकन तक्ता पाहून ब्रिटिश नंबराची तार घेतली तर थोडे पैसे जास्त जातात, एवढंच. उलटं केलं तर तार तापते.

ब्रिटिश वळणाच्या वायरिंगमध्ये त्यात तारांची संख्या आली. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सात-बावीस म्हणजे सात. मेट्रिक मापं आली तेव्हा यांचं काय करायचं, हा खरा वादाचा मुद्दा. सात-बावीसचं क्षेत्रफळ २.७८ चौरस मिमी. तिच्या जागी अडीचची आली, म्हणजे दहा टक्के तांबं कमी. तीन-बावीस १.१९ ची, तिला जोडीदारच नाही, एक तरी घ्या नाहीतर दीड. मला विचाराल तर अशा जागी दीडच घ्यायला हवी होती. जुन्या घरात नवी वायर जोडताना ‘तीन-बावीस म्हणजे एकचीच’ असं कुणी म्हणालं, तर त्या सर्किटचा फ्यूज किंवा एमसीबी कितीचा आहे ते आधी पाहावं.

मोटारगाडीत आणखी वेगळं. २८/०.३० असं लिहिलेलं असतं, पण इथे दुसरा आकडा गेज नव्हे, मिमीमधला व्यास. हिशेब दोन चौरस मिमीचा. काही ठिकाणी मोटारीची ‘४ मिमी’ वायर म्हणजे आवरणासकट बाहेरचा व्यास. आत तांबं दोन चौरस मिमीसुद्धा नसतं. आणि अमेरिकेत मोटारीसाठीचा १४ नंबर घरच्या १४ पेक्षा थोडा बारीकच.

१२ व्होल्टवर हा फरक अंगाशी येतो. अडीचच्या तारेतून १० अँपिअर पाच मीटर लांब नेले, तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये सुमारे पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. २३० व्होल्टवर ते कुणाला कळतही नाही; मोटारीत सहा टक्के गेले, दिवा पिवळा पडतो. घरात तार किती तापते हे बघून माप ठरतं (बंद पाइपात गर्दीने कोंबलेली तार उघड्यावरच्या तारेइतका करंट झेपवत नाही), मोटारीत बहुधा लांबी बघून.

आता त्या अडीचच्या तक्रारीकडे. आजचं आंतरराष्ट्रीय मानक ‘२.५’ हे नाव समजतं, मोजमाप नव्हे. अट आहे रोधाची (रेझिस्टन्सची): २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे जास्तीत जास्त ७.४१ ओहम. तांबं चांगलं असेल तर २.४ चौरस मिमीतही ती पाळता येते. ओढ्यांची संख्या, मग जाडी, मग क्षेत्रफळ असं करत नंबर शेवटी तार वापरणाऱ्याच्या कामाच्या गोष्टीवर आला, तर लोकांना ती फसवणूक वाटते!

खरी फसवणूक मायक्रोमीटरला दिसत नाही. १९६० च्या दशकात तांबं महागलं तेव्हा काही देशांत घरांत उघडउघड ॲल्युमिनियमची वायर आली आणि सैल सांध्यांनी बदनाम झाली. आता ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा देऊन तीच तार, विशेषतः मोटारीच्या ऑडिओ किटमध्ये, जाड गेजच्या नावाने विकली जाते. व्यास भरतो, पण वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्याही आत. साधा मल्टिमीटर इतका लहान रोध धड दाखवत नाही. त्यापेक्षा एक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम; वरून पांढरी आणि आत तांबडी निघाली, तर ते कल्हईचं तांबं, ती खुशाल वापरावी.