सुट्टी संपल्यावर मन का लागत नाही?

मे महिन्यात गुहागरहून दुपारी जेवून निघालो. चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, मग हायवेला लागून सातारा आणि खंबाटकी. कात्रजचा बोगदा ओलांडला, समोर पुण्याचे दिवे दिसले आणि मागच्या सीटवरून माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, "आई, संपलं?"

कोथरूडचं घर आठ दिवस बंद होतं. दार उघडताच कोंदट वास आला. बाल्कनीतल्या तुळशीनं मान टाकली होती. विरजणापुरतं म्हणून वाटीत ठेवलेल्या दह्यावर बुरशी आली होती. शेजारच्या काकूंकडून चमचाभर विरजण आणलं, दूध कोमट केलं आणि ते ढवळता ढवळता माझे डोळे भरून आले. कुणी काही बोललं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. पुढचे तीन-चार दिवस तसेच गेले. ऑफिसात बसायचं, पण मन लागायचं नाही. रात्री झोप यायची नाही आणि सकाळी डोळे उघडायचे नाहीत.

आपल्याकडे या उदासीला फारशी सहानुभूती मिळत नाही. "एवढं फिरून आलात, आता आणखी काय हवं?" असं घरचेच म्हणतात, आणि मग वाईट वाटण्याचंही वाईट वाटू लागतं. म्हणून या दिवसांत शरीरात आणि मेंदूत नेमकं काय चाललेलं असतं ते नीट समजून घ्यावं असं मला वाटलं.

सुरुवात झोपेपासून करते, कारण तिचा यातला वाटा आपण फार कमी धरतो. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. त्याचं नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. हे आपल्या शरीराचं मुख्य घड्याळ. कधी झोप यावी, कधी भूक लागावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, हे सगळं ते ठरवतं. गंमत म्हणजे हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नसतं. १९९९ साली अमेरिकेत चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी माणसांना मंद उजेडात ठेवून ते मोजलं, तेव्हा सरासरी २४ तास ११ मिनिटं भरली. म्हणजे मोकळं सोडलं तर बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडत जातं. त्याला रोज जाग्यावर आणतो तो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यावर काही खास पेशी असतात. बघण्याचं मुख्य काम त्यांचं नाही. उजेड किती आहे ही खबर त्या थेट या घड्याळाला देतात.

आता कोकणातले आमचे आठ दिवस आठवा. रात्री एकपर्यंत अंगणात गप्पा, सकाळी साडेआठला चहा. घड्याळ आरामात दीड-दोन तास मागे सरकलं, कारण मागे सरकणं त्याला सोपं जातं. सोमवारी मात्र ते एका दिवसात पुढे आणायचं होतं, हिंजवडीची बस पकडायला. सकाळी सहाला गजर वाजला तेव्हा माझ्या शरीराच्या लेखी पहाटेचे चार वाजले होते. अमेरिकेहून आलेल्या माणसाला जेट लॅग झाला की आपण त्याला झोपू देतो. गुहागरहून आलेल्याला कोण विचारतो? पण शरीराची कुचंबणा त्याच जातीची असते, फक्त कमी मापाची. अपुऱ्या झोपेनं चिडचिड वाढते, साधी गोष्टही मनाला लागते, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलेलं आहे.

यावर पुण्यात एक चांगला उपाय हाताशी आहे तो टेकडीचा. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, जी जवळ असेल ती. उजेड लक्स या एककात मोजतात. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्स भरतो. बाहेर, आभाळ भरून आलेलं असलं तरी, तो काही हजार लक्सच्या पुढे जातो. सकाळी उठल्यावर अर्धा तास उघड्यावर चाललं की घड्याळ पुढे सरकायला मदत होते. उलट, रात्री अंथरुणात मोबाइलवर सहलीचे फोटो बघत पडलं की ते आणखी मागे जातं. मी पहिले तीन दिवस नेमकं हेच केलं होतं.

झोपेचा हिशेब लावला तरी सगळं उत्तर मिळत नाही. दुसरा भाग अपेक्षेचा आहे. वोल्फ्राम शुल्त्स या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा, म्हणजे डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचा, वर्षानुवर्षं अभ्यास केला. सुरुवातीला फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी उत्तेजित होत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच उत्तेजित होऊ लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. मेंदू हाती काय आलं तेवढंच मोजत नाही. अपेक्षेच्या मानानं ते किती, हेही मोजतो. सुट्टीनंतरची सगळी उदासी डोपामिनच्या माथी मारणं ढोबळ होईल. पण दोन महिने ज्याची वाट पाहिली तो दिवा आता विझला आहे आणि कॅलेंडरवर दुसरा कुठलाच दिसत नाही, ही स्थिती मला त्या माकडाच्या जवळची वाटते.

वाट पाहण्याचा आनंद किती खरा असतो, हे २०१० साली नेदरलँड्समध्ये येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं. त्यांनी १,५३० प्रौढांची माहिती घेतली, त्यातले ९७४ जण सुट्टीवर जाऊन आले होते. जाणारे लोक निघण्यापूर्वी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नाही. अगदी निवांत सुट्टी घालवलेल्यांना तेवढा फायदा टिकला, तोही मुख्यतः पहिले दोन आठवडे.

त्याच देशातल्या येसिका डी ब्लूम यांनी ५४ नोकरदारांच्या लांब सुट्ट्यांचा मागोवा घेतला, सरासरी २३ दिवसांच्या. त्यांना सगळ्यात बरं वाटलं ते आठव्या दिवसाच्या सुमारास, आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच तब्येत आणि मनःस्थिती पूर्वपदावर आली. हे वाचून मी आधी खट्टू झाले. तीन आठवड्यांची सुट्टी आणि टिकणार एक आठवडासुद्धा नाही! मग लक्षात आलं की यातून सुट्टीची आखणी बदलता येते. वर्षाची रजा साठवून एकदाच उधळण्यापेक्षा ती दोन-तीन ठिकाणी वाटून घ्यावी. वाट पाहण्याचे दिवसही तितके वाढतात.

कामाच्या ढिगाबद्दल थोडक्यात. अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं होतं. २०११ मध्ये मॅसिकांपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांना दिसलं की ते काम कधी आणि कसं करायचं एवढं ठरवलं, तरी मनातली त्याची टोचणी कमी होते, काम झालेलं नसतानाही. म्हणून पहिल्या सकाळी तीनशे मेल उघडत बसण्याऐवजी एका कागदावर कुठलं काम कुठल्या वारी ते लिहावं. मी ते मंगळवारी लिहिलं आणि त्या रात्री खरोखर शांत झोप लागली.

मात्र एक काळजी घ्या. ही उदासी सहसा काही दिवसांत ओसरते. दोन आठवडे उलटूनही ती रोज दिवसभर तशीच राहिली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, जेवणझोप बिघडली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर 'सुट्टीचं आहे, जाईल' असं म्हणून थांबू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाटही पाहू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि दर सुट्टीनंतर फक्त कामाच्याच विचारानं पोटात गोळा येत असेल, तर तपासायला हवं ते काम. तो निर्णय मात्र पहिल्या आठवड्यात घेऊ नये, घड्याळ जाग्यावर आल्यावर घ्यावा.

आमच्या घरी गुरुवारी दही पुन्हा घट्ट लागायला लागलं. तुळशीला खालून दोन पानं फुटली. मुलानं गुहागरचे शंख-शिंपले बरणीत भरून खिडकीत ठेवले आणि दिवाळीला किती दिवस राहिले ते मोजून कॅलेंडरवर लिहिलं. या वेळी परतीचं तिकीट आम्ही शुक्रवारचं काढलं आहे. शनिवारी कपडे धुवायचे, विरजण लावायचं, लवकर झोपायचं. रविवारी सहाला टेकडी.