कोलंबाइन : त्या सकाळी बोलिंग झालंच नव्हतं

मायकेल मूर यांचा २००२ सालचा माहितीपट ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’. अमेरिकेतल्या बंदूक-संस्कृतीवरच्या या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, आणि एक समजही जगभर पसरला : २० एप्रिल १९९९ला कोलरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार करणारी दोन मुलं त्याच सकाळी निवांत बोलिंग खेळून आली होती.

हे खरं नाही. सकाळचा बोलिंगचा वर्ग शाळेच्या शारीरिक शिक्षणाचाच भाग होता, दोघं एरवी तिथे जातही. सुरुवातीला काहींनी त्यांना त्या दिवशी पाहिल्याचं सांगितलंही. पण पोलीस तपासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : दोघं त्या दिवशी वर्गाला आलेच नाहीत.

त्यांची तयारी वेगळीच चालली होती. शाळेच्या कॅफेटेरियात, जेवणाच्या सुट्टीतल्या गर्दीत, त्यांनी दोन पिशव्या नेऊन ठेवल्या. आत प्रोपेन गॅसच्या टाक्यांचे टायमर लावलेले बॉम्ब. ते फुटले नाहीत, नाहीतर शेकडो मुलं गेली असती. तरीही त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव गेला.

बोलिंगपेक्षा मला बंदुकांचा तपशील जास्त छळतो. चारपैकी तीन बंदुका डेन्व्हरजवळच्या गन शोमधून, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनातून आल्या. त्या दोघांच्या १८ वर्षांच्या मैत्रिणीने खासगी विक्रेत्यांकडून त्या घेतल्या, पार्श्वभूमीची कसलीही तपासणी न होता. ही पळवाट कोलरॅडोच्या मतदारांनी २०००मध्ये कौल देऊन बंद केली.