खानापूरचं मडकं आणि आय-सेव्हनचं स्टिकर

गेल्या महिन्यात भाच्याचा खानापूरहून फोन आला. त्याचं कौलं-विटांचं दुकान आहे, घरात दोन शाळकरी मुलं आहेत, आणि दुकान नि घर मिळून लॅपटॉप एकच.

"मामा, बेळगावात खडेबाजारात एक आय-सेव्हन लॅपटॉप बघून आलोय, सेकंडहँड. तेवढ्याच पैशात नवा आय-थ्री पण आहे. पण आय-सेव्हन घेतला तर दहा वर्षं बघायला नको, असं दुकानदार म्हणूलालाय. घेऊ काय?"

"डिस्क कुठली आहे?" मी विचारलं.

"एक टीबी आहे की! त्या आय-थ्रीत निम्मीच आहे."

माझा प्रश्न 'केवढी' असा नव्हता, 'कुठली' असा होता. पण दोष त्याचा नाही. आय-थ्री, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूची, नावं. ती स्टिकरवर असतात, आणि आपल्याकडे लॅपटॉप स्टिकर बघून घेतात. आकडा जितका मोठा, तितकं यंत्र दांडगं, असा समज. त्याला दाखवलेला आय-सेव्हन चौथ्या पिढीचा होता, २०१३ च्या सुमाराचा. त्या काळच्या पातळ लॅपटॉपमधल्या आय-सेव्हनला, उदाहरणार्थ ४६०० यू या चिपला, कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गाभे, दोनच असत. २०२२ च्या १२१५ यू या आय-थ्रीला सहा आहेत. आय-सेव्हन हे त्या त्या वर्षीच्या वर्गातलं पद आहे. चौथीतला पहिला नंबर घेऊन बारावीतल्या साध्या पोराशी गणितात टक्कर देता येत नाही.

तरी खरी गोम प्रोसेसरमध्ये नव्हतीच. ती डिस्कमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या भागात होती. त्या आय-सेव्हनमध्ये जुनी हार्ड डिस्क होती, नव्या आय-थ्रीत एसएसडी, म्हणजे नुसत्या चिपांची डिस्क.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती फिरते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. त्याआधी ते टोक धरणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला हवा, त्याला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे एक नोंद शोधायला साधारण १७ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम साठ नोंदी. सलग मोठा सिनेमा वाचायचा असेल तर हे खपून जातं. पण विंडोज सुरू होताना किंवा बिलांचं सॉफ्टवेअर उघडताना हजारो छोटे तुकडे चकतीभर विखुरलेले असतात. समजा २० हजार तुकडे हवेत. १७ मिलिसेकंदांच्या हिशेबाने साडेपाच मिनिटं झाली! संगणक मागण्यांची रांग हुशारीने लावतो म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागतो, पण लॅपटॉप चालू करून चहा टाकायची सवय आपल्याला या चकतीनेच लावली. एसएसडीला तोच तुकडा शोधायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. तेच काम दोन सेकंदांत.

आता हे कसं होतं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एसएसडीत फिरणारं काहीही नाही. सिलिकॉनच्या चिपा आहेत आणि त्यांत सूक्ष्म कप्पे. ५१२ जीबीच्या नेहमीच्या एसएसडीत असे कप्पे सव्वा लाख कोटींहून जास्त असतात. प्रत्येक कप्पा हे एक मडकं समजा. खानापूरच्या भाच्याला मी असंच सांगितलं, कारण माती, भट्टी आणि पाझर त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. या मडक्यात पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन भरतात. भरलेलं असेल तर शून्य, रिकामं असेल तर एक. वीज बंद केली तरी इलेक्ट्रॉन आतच राहायला हवेत, म्हणून मडक्याभोवती सगळीकडून सिलिकॉन ऑक्साइडची भिंत असते. हा वाळूचा आणि काचेचाच सख्खा भाऊ, उत्तम विद्युतरोधक. बेल लॅबमध्ये डॉवन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये अशा बंदिस्त कप्प्याची कल्पना मांडली.

पण अडचण बघा. मडक्याला तोंडच नाही. मग पाणी भरायचं कुठून?

भिंतीतून! शाळेत इलेक्ट्रॉनचं चित्र छोट्या गोळीचं काढतात. गोळी भिंतीवर आपटली की परत येते. पण इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो, आणि लाट भिंतीपाशी एकदम संपत नाही. ती भिंतीत शिरून हळूहळू विरत जाते. भिंत जाड असेल तर आतच विरून जाते. पण भिंत फार पातळ असेल तर लाटेचं शेपूट पलीकडे निघतं, आणि लाटेचं शेपूट पलीकडे असणं म्हणजे इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची शक्यता असणं. भिंत फुटत नाही, भोक पडत नाही, तरी तो पलीकडे असतो. याला बोगदा परिणाम म्हणतात, पण खरं तर बोगदा कुठेच नसतो.

एसएसडीतली ही भिंत सुमारे आठ-दहा नॅनोमीटरची, केसाच्या जाडीच्या आठ-दहा हजाराव्या भागाएवढी. एवढी भिंत आपसूक ओलांडणं इलेक्ट्रॉनला जवळजवळ अशक्य, म्हणून डेटा टिकतो. लिहायचं असेल तेव्हा वीसेक व्होल्टचा झटका देतात. वीस व्होल्ट ऐकायला किरकोळ, पण इतक्या पातळ भिंतीवर पडला की सेंटिमीटरला कोटीभर व्होल्ट एवढं विद्युतक्षेत्र तयार होतं. त्याने सरळसोट भिंत उताराची होते, वरचं टोक निमुळतं होतं आणि इलेक्ट्रॉनला पार करायचं अंतर कमी होतं. थंड धातूतून जोरदार विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन कसे निसटतात, हे याच गणिताने राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये समजावलं होतं. त्यांच्या समीकरणावर पुढे दुकानाची उधारी लिहिली जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. १९८७ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओकांच्या चमूने याच तत्त्वावर नँड फ्लॅश, म्हणजे एसएसडीत असते ती चिप, जगापुढे ठेवली. आताच्या बऱ्याच चिपांत मडक्याऐवजी सिलिकॉन नायट्राइडचा थर इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि कप्पे शेकडो मजल्यांनी एकावर एक रचतात.

पुढचा परिच्छेद थोडा किचकट आहे, कंटाळा आला तर सोडा. मडकं नुसतं भरलं-रिकामं न बघता पातळी मोजली तर एकाच कप्प्यात जास्त माहिती बसते. आठ पातळ्या ओळखल्या तर तीन बिट, म्हणजे शून्य-एकच्या तीन नोंदी, त्याला टीएलसी म्हणतात. सोळा ओळखल्या तर चार बिट, ते क्यूएलसी. सोळा रेघांमधली नेमकी रेघ गाठायची तर एकदम ओतून चालत नाही. छोटा झटका, मग मोजणी, पुन्हा झटका, पुन्हा मोजणी. म्हणून क्यूएलसी स्वस्त पण लिहायला संथ. शेजारशेजारच्या पातळ्यांना असे आकडे देतात की पाणी एका रेघेने सरकलं तर एकच बिट चुकावा, आणि तो एक बिट चूक-दुरुस्तीचं गणित पकडतं.

आता मडक्याचे दोन दोष. पहिला, दर भरण्या-उपसण्यात भिंतीत बारीक वैगुण्यं साचतात. टीएलसी साधारण एक ते तीन हजार फेऱ्या सोसतं. ऐकून भाचा घाबरला. मी हिशेब केला: ५१२ जीबी, हजार फेऱ्या, दुकानाचं लिखाण रोज २० जीबी धरलं, आणि डिस्क स्वतःच डेटा इकडचा तिकडे हलवते ती आतली सारवासारव म्हणून त्याच्या चौपट धरलं, तरी सतरा वर्षं निघतात. त्याआधी कीबोर्ड जाईल.

दुसरा दोष मोठा. मडकं पाझरतं. भिंत जितकी वापरून झिजलेली, तितका पाझर जास्त, आणि उष्णतेत तो वाढतो. घरगुती एसएसडीच्या मानकात अपेक्षा अशी की पूर्ण आयुष्य वापरून झालेली डिस्क वीज न देता ३० अंशांना एक वर्ष डेटा सांभाळेल. नवी डिस्क त्याहून कितीतरी जास्त टिकते. पण जुनी एसएसडी पत्र्याच्या गोदामात कपाटात टाकून चार वर्षांनी हिशेब काढू म्हणाल तर भरवसा नाही. आणि जीएसटीच्या नोंदी तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. शिवाय हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत काढता येई. एसएसडीवर विंडोज पुसलेल्या जागेची खबर लगेच डिस्कला देतं आणि डिस्क ती मडकी सवडीने पालथी करून ठेवते. मग नारळ फोडूनही फाइल येत नाही.

नारळावरून आठवलं. खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा करायला माझी हरकत नाही, आमच्याही घरी होते. पण झाकण मिटून करा. एकदा एका ओळखीच्याचा लॅपटॉप तापतो म्हणून उघडला तर पंख्याच्या पात्यांवर हळद-कुंकवाचा लेप! पूजा झाली होती, हवेची वाट बंद झाली होती. आणि ही भाबडी श्रद्धा परवडली, असं सध्याच्या 'एआय लॅपटॉप'च्या जाहिराती बघून वाटतं. सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा भाग त्यात असतो, खोटं काही नाही. फक्त कौलांचं बिल करताना तो बसून राहतो.

बाकीचं मी भाच्याला पाच मिनिटांत सांगितलं. रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती, आठ जीबीच्या खाली नको, पोरांचा ऑनलाइन अभ्यास आणि ब्राउझर उघडा ठेवायचा तर सोळा. 'डिस्क ६४ जीबी, ईएमएमसी' असं लिहिलेला स्वस्त लॅपटॉप दिसला तर पुढच्या दुकानात जायचं. ती बोर्डालाच चिकटवलेली असते, विंडोजच्या एक-दोन अपडेटांत भरते. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की यंत्र हुबळी-कोल्हापूरला धाडावं लागतं, ते आधी विचारायचं. बॅटरी मेली तर ती न बदलता नुसत्या चार्जरवर चालवायचं नाही. लिहितालिहिता लाइट गेली तर मडकी अर्धवट भरून राहतात, आणि स्वस्त एसएसडीला तेवढा क्षण तगवून धरणारं दुसरं काही नसतं. मराठी-कन्नडच्या कीबोर्डाची चिंता सोड म्हटलं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीत, ज्या कळीवर आपला क आहे, त्याच कळीवर कन्नडचाही क आहे. एक शिकलास की दोन्ही आले.

त्याच्या जुन्या, २०१५ च्या लॅपटॉपमध्येच एसएसडी बसवून भागलं नसतं का? वेगापुरतं भागलं असतं. पण विंडोज १० चा सुरक्षेचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. खडेबाजारातला तो आय-सेव्हनही यातच अडकला.

आय-थ्री घेतला त्याने. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून तीनेकशे रुपयांच्या डबीत घातली आणि आता आठवड्याला एकदा हिशेबाची प्रत तिच्यावर ठेवतो. तिच्यात मडकी नाहीत, चुंबकाचे ठसे आहेत, कौलावर कारखान्याचा छाप असतो तसे. प्रत उतरायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तो चहा टाकतो.