आयएफईएसच्या जागतिक संमेलनाला जायचंय? निवड, कागदपत्रं आणि व्हिसा

ऑनलाइन फॉर्म भरला, फी भरली, तिकीट काढलं आणि निघालो, असं या संमेलनाचं नसतं. आयएफईएस म्हणजे इंटरनॅशनल फेलोशिप ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स, ख्रिस्ती विद्यार्थ्यांची जागतिक संघटना. १९४७ साली दहा देशांतल्या विद्यार्थी चळवळींनी मिळून ही संघटना उभी केली. दर चार वर्षांनी भरणारं तिचं जागतिक संमेलन उपासना आणि बायबल अभ्यासासाठी असतंच, शिवाय तिथे संघटनेचा कारभारही ठरतो. २०१९ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत बेला-बेला इथे झालं, २०२३ मध्ये जकार्तात. तिथे बसणारे लोक आपापल्या देशाच्या चळवळीचे प्रतिनिधी असतात, म्हणून वाट देशातल्या चळवळीतूनच जाते.

भारतातली ही चळवळ म्हणजे १९५४ साली सुरू झालेली यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया). पुण्या-मुंबईत कॉलेजच्या ईयूमध्ये (इव्हँजेलिकल युनियन, म्हणजे कॉलेजातला गट) किंवा शहराच्या आयसीईयूमध्ये (सगळ्या कॉलेजांचा मिळून गट) जाणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. नोकरीला लागलेल्यांसाठी ईजीएफ (इव्हँजेलिकल ग्रॅज्युएट्स फेलोशिप) आहे. आपल्या गटाच्या स्टाफवर्करकडे, म्हणजे चळवळीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याकडे, इच्छा आधीच, शक्य तर वर्षभर आधी, बोलून ठेवा. किती जागा आणि कोणते निकष, हे त्या त्या वेळी चळवळ ठरवते. पाळकांचं शिफारसपत्र मागितलं तर द्यावंच, पण त्याच्या जोरावर जागा मिळेल असं धरू नये. कॉलेजातलं काम ज्यांनी पाहिलंय त्यांचा शब्द इथे जास्त चालतो आणि ते रास्तच आहे. इंग्रजी अगदी सफाईदार हवं असंही नाही, पण संमेलन इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये चालतं, त्यामुळे यातली एक भाषा तरी कळायला हवी.

१८९५ साली स्वीडनमध्ये स्थापन झालेली डब्ल्यूएससीएफ (वर्ल्ड स्टुडंट ख्रिश्चन फेडरेशन) ही वेगळी, जुनी संघटना. तिची बैठक १९२८ मध्ये म्हैसूरला झाली होती. तिच्या महासभेला जायचं तर विचारणा एससीएम इंडियाकडे (स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट) करायची, यूईएसआयकडे नाही. ही गल्लत नेहमी होते.

नावाची भानगड

पासपोर्ट नसेल तर निवडीची वाट न पाहता अर्ज करा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला ३,५००. दहावी पास असल्याचा दाखला जोडा, म्हणजे ईसीआरचा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असं सांगणारा) शिक्का लागत नाही.

खरी अडचण नावात येते. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव तुमच्या नावापुढे जोडलेलं असेल किंवा नसेलही. नोंदणी करताना कुणी गुणपत्रिका पाहून नाव उतरवलं की निमंत्रणपत्रावर वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. मग व्हिसा केंद्रातला माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारतो, ‘हे दोघे एकच का?’ निमंत्रण मागतानाच पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन पाठवा आणि पत्र आलं की अक्षर न अक्षर ताडून पाहा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर वेगळं नाव असेल तर तो फाइलमध्ये घालू नका. व्हिसासाठी त्याची गरज नसते.

व्हिसा

संमेलन कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. इंडोनेशियात भारतीयांना विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो: पाच लाख रुपिया, किमान सहा महिने वैध पासपोर्ट आणि परतीचं तिकीट. शेंगेन देशात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एखाद्यात) असेल तर मात्र फाइल बांधावी लागते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रवासाला १५ दिवसांहून कमी उरले असताना आलेला अर्ज उशिराचा ठरतो. प्रौढांसाठी फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा.

विद्यार्थ्याच्या अर्जात अधिकारी एकच गोष्ट शोधतो: हा परत येणार का? म्हणून कॉलेजचं बोनाफाइड, रजेच्या तारखा लिहिलेलं ना-हरकत पत्र आणि परतल्यावर असलेल्या परीक्षेचं वेळापत्रक जोडा. खर्च वडील करत असतील तर त्यांचं पत्र आणि बँक स्टेटमेंट, चळवळ करत असेल तर चळवळीचं पत्र. अर्ध्या खर्चाचा उल्लेख एका पत्रात आणि उरलेल्याचा कुठेच नाही, असं होऊ देऊ नका. जायचं कारणही सरळ लिहा: संमेलन. पर्यटन लिहून निमंत्रणपत्र लपवणं हा शहाणपणा नव्हे.

सरकारी नोकरीत असाल तर

ईजीएफमधल्या मंडळींकडून हे हमखास राहून जातं. राहण्या-जेवणाचा किंवा तिकिटाचा खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर सरकारी कर्मचाऱ्यांना आणि सरकारी मालकीच्या महामंडळांत काम करणाऱ्यांना एफसीआरए कायद्याच्या (परदेशी देणग्या आणि पाहुणचाराचं नियमन करणाऱ्या) कलम ६ प्रमाणे केंद्राची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२, ऑनलाइन, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. सोबत निमंत्रण आणि आपल्या खात्याची मंजुरी. खात्याची मंजुरी दोन आठवड्यांत कुठल्याच टेबलावरून हलत नाही, तेव्हा तो कागद सगळ्यात आधी फिरवायला घ्या. विद्यार्थ्यांना ही परवानगी लागत नाही.

निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पत्ता छापून हातातल्या बॅगेत ठेवा. इमिग्रेशनच्या काउंटरवर मोबाइलची बॅटरी संपलेली असली तरी अडायला नको.